ओटीपोटाची सोनोग्राफी शिकताना: रेडिऑलॉजीच्या नव्या रेसिडेंटसाठी

एमडी रेडिऑलॉजीच्या पहिल्याच महिन्यांत ओटीपोटाची सोनोग्राफी हातात येते. सरकारी रुग्णालयाच्या बाकावर पाण्याच्या बाटल्या घेऊन बायका बसलेल्या असतात आणि "मॅडम, आता नाही धरवत" हे दिवसभर ऐकू येतं. भरलेलं मूत्राशय आतडी बाजूला सारतं आणि त्यातल्या पाण्यातून मागचं गर्भाशय स्वच्छ दिसतं, म्हणून हा खटाटोप. मूत्राशय फारच तटतटलं असेल तर मात्र गर्भाशय दाबलं जातं, अंडाशय लांब सरकतात. थोडी लघवी करून यायला सांगा. चित्रही सुधारतं आणि तिचा जीवही भांड्यात पडतो.

योनिमार्गातून करायच्या तपासणीला, म्हणजे टीव्हीएसला, मूत्राशय रिकामं हवं. प्रोब, म्हणजे यंत्राचा तपासणीचा दांडा, अवयवांच्या अगदी जवळ असल्याने बारकावे दिसतात, पण खोलवरचं दिसत नाही. ओटीपोटातून वर आलेली मोठी गाठ टीव्हीएसमध्ये सुटू शकते, म्हणून आधी पोटावरून बघायची सवय ठेवा. परवानगी घ्या, खोलीत स्त्री कर्मचारी हवीच. टीव्हीएस करायची की नाही हे फॉर्मवरचं 'अविवाहित' वाचून किंवा सोबतच्या आईसमोर शरीरसंबंधांबद्दल विचारून ठरवू नका. मुलीशी एकटीशी बोला.

प्रोब ठेवण्याआधी एकच प्रश्न विचारायला वेळ असेल तर तो 'शेवटची पाळी कधी आली?' हाच असू द्या. पाळीच्या चक्राच्या मध्यावर अंडाशयात दिसणारी दोन सेंटिमीटरची पाण्याची पिशवी ही बहुधा त्या महिन्याचं बीज असलेला बीजकोश असते. तारीख न विचारता 'सिस्ट' लिहिलं की ती बाई फाईल घेऊन वर्षभर फिरते. पीसीओडीचंही, म्हणजे अंडाशयात बरेच लहान बीजकोश साठण्याच्या विकाराचंही, तसंच. तो ओळखायच्या 2003च्या रॉटरडॅम निकषात एका अंडाशयात 12 बीजकोश पुरत होते. यंत्रं सुधारली तसा 2018च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनात तो आकडा 20 वर गेला. शिवाय पहिल्या पाळीनंतर आठ वर्षांच्या आत सोनोग्राफीवरून हे निदान करूच नये, असंही त्यात आहे. सतरा वर्षांच्या मुलीच्या रिपोर्टवर 'पीसीओडी' असा शिक्का मारायची घाई का होते, हे मला कोडंच आहे.

पाळी कायमची गेल्यावर रक्तस्राव झाला तर हीच तपासणी फार कामाची. गर्भाशयाचं आतलं अस्तर सलग दिसत असेल आणि जाडी 4 मिलिमीटर किंवा कमी असेल तर कर्करोगाची शक्यता खूप कमी. मात्र रक्तस्राव पुन्हा झाला, तर जाडी काहीही असो, अस्तराचा तुकडा तपासायलाच हवा.

आता यंत्र कुठे थांबतं ते. एंडोमेट्रिऑसिसची (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराची) अंडाशयातली गाठ ओळखता येते, पण पोटाच्या आतल्या पडद्यावरचे वरवरचे ठिपके दिसत नाहीत. त्यामुळे पाळीत कळवळणाऱ्या बाईला 'सोनोग्राफी नॉर्मल, काही नाही' असं सांगू नका. अंडाशयाला पीळ पडला असतानाही डॉपलरवर, म्हणजे रक्ताची हालचाल दाखवणाऱ्या सोनोग्राफीत, रक्तप्रवाह दिसू शकतो. अशा वेळी सर्जनला फोन करायचा तो दुखणं बघून. गर्भचाचणी पॉझिटिव्ह आणि गर्भाशय रिकामं, तर गर्भ अजून दिसू नये इतका लहान असेल किंवा तो नळीतही असेल. 'गर्भ कुठे आहे ते अजून दिसत नाही' असंच लिहा. 48 तासांनी बीटा एचसीजी ही गर्भारपणाच्या संप्रेरकाची रक्तचाचणी पुन्हा करतात. तक्रार नसलेल्या बायकांत अंडाशयाचा कर्करोग शोधण्यासाठीही ही तपासणी अपुरी पडली. ब्रिटनमध्ये दोन लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या अभ्यासाचे 2021चे निष्कर्ष सांगतात की दरवर्षी तपासूनही मृत्यू कमी झाले नाहीत.

सगळ्यात जपून लिहायची ती गर्भाशयाची मापं. दोन-तीन बाळंतपणं झालेल्या बाईचं गर्भाशय मुळातच मोठं असतं. तिथे 'बल्की युटेरस' लिहिलं की गावात त्याचं 'पिशवीला सूज' होतं आणि पुढे 'पिशवी काढून टाका'. 2019मध्ये बीड जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड कामगार स्त्रियांच्या सर्वेक्षणात 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यामागे बुडणारी मजुरी, मुकादमाची उचल, कर्करोगाची भीती अशी बरीच कारणं होती. पण आपल्या रिपोर्टचा कागद अशा फायलींत असतोच. म्हणून लांबी-रुंदी लिहा, किती बाळंतपणं झाली ते लिहा, अस्तरात आणि स्नायूंत काही दोष दिसत नसेल तर तसं स्पष्ट लिहा. गाठ असेल तर ती आत पोकळीकडे आहे की बाहेर, हे आकाराइतकंच महत्त्वाचं.

आणि बाई गरोदर निघाली, तर पीसीपीएनडीटीचा (गर्भलिंग निदान रोखणाऱ्या कायद्याचा) एफ फॉर्म तिथेच पूर्ण भरा, संध्याकाळसाठी ठेवू नका.