ऊर्जा पातळ्या शिकताना या चुका टाळा

बारावीच्या मुलांच्या वह्या तपासताना एक चूक हमखास दिसते, हायड्रोजनच्या पहिल्या पातळीची (पातळी म्हणजे इलेक्ट्रॉनला राहता येईल अशी ठराविक ऊर्जा) ऊर्जा -13.6, तर 13.6 हा आकडा मोठा म्हणून तिथे ऊर्जा सगळ्यात जास्त असं लिहून मोकळे होतात. अरे, मागचं मायनस बघा ना! शून्य म्हणजे इलेक्ट्रॉन अणूतून पूर्ण सुटलेला, म्हणजे विहिरीचा काठ समजा, आणि -13.6 इलेक्ट्रॉनव्होल्ट (अणूंची ऊर्जा मोजायचं एकक) म्हणजे तळाला गेलेली कळशी, ती काठावर आणायला तेवढीच ऊर्जा ओतावी लागते, म्हणून तीच अवस्था सगळ्यात स्थिर. दुसरी पातळी -3.4, तिसरी -1.51. इलेक्ट्रॉन तिसरीवरून दुसरीवर उतरला की मधला 1.89 चा फरक प्रकाश होऊन बाहेर येतो, तीच 656 नॅनोमीटरची लाल रेषा. चिन्ह उलटं आलं तर शेवटच्या पातळीतून सुरुवातीची वजा केलीय ना, ते आधी तपासा.

यातूनच दुसरी चूक होते, बंध तुटला की ऊर्जा मिळते असं वाटतं. मिळत नाही, द्यावी लागते. एक मोल हायड्रोजनचे बंध तोडायला 436 किलोज्यूल लागतात. हायड्रोजन जळताना उष्णता मिळते ती पाण्याचे नवीन, जास्त घट्ट बंध तयार होतात म्हणून.

"स्थिर म्हणजे सगळ्यात खालची पातळी" हेही दरवेळी खरं नाही. आपल्या नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला ग्रॅफाइट (हिऱ्यासारखाच कार्बन) ऊर्जेत हिऱ्यापेक्षा खाली आहे, पण मधला चढ एवढा मोठा की हिरा आहे तिथेच अडकून राहतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं, इलेक्ट्रॉन केंद्रकात का पडत नाही? "फिरतो म्हणून" लिहू नका. जुन्या नियमांनी फिरणारा इलेक्ट्रॉन प्रकाश टाकत टाकत सेकंदाच्या अब्जाव्या भागाच्याही आत केंद्रकात कोसळायला हवा. नील्स बोर या शास्त्रज्ञाने 1913 मध्ये ठराविक कक्षांचा नियम घातला पण खरं कारण नंतर कळलं, अनिश्चितता तत्त्व, म्हणजे इलेक्ट्रॉनची जागा आणि संवेग दोन्ही एकाच वेळी अचूक ठरलेले असू शकत नाहीत. इलेक्ट्रॉनला लहान जागेत कोंबलं की त्याची गतिज ऊर्जा अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात वाढते, आकर्षणाची ऊर्जा मात्र नुसत्या अंतराच्या व्यस्त प्रमाणात, त्यामुळे एका ठिकाणी दोन्हींचा तोल बसतो, 0.53 अँगस्ट्रॉमला. मला हे गणित फार आवडतं, दोन ओळींत होतं, एकदा स्वतः करून बघाच.

पण हे झालं एका अणूचं. टेबल, दगड, आपण, असे अब्जावधी अणू एकत्र असूनही आत चेपत नाहीत त्याला पाउलीचं अपवर्जन तत्त्व (दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत) लागतं, आणि त्यामुळे पदार्थ स्थिर राहतो याची गणिती सिद्धता डायसन आणि लेनार्ड या शास्त्रज्ञांनी थेट 1967 मध्ये दिली. म्हणून "पदार्थ स्थिर का?" ला फक्त अनिश्चितता तत्त्व लिहिलंत तर उत्तर अर्धंच राहतं.