दुकानगाळा भाड्याने घेण्यापूर्वी वकिलाचा सल्ला कसा घ्यावा

वकिलाकडे टोकन देण्यापूर्वी जावे. पैसे देऊन आणि सुताराला काम सांगून झाल्यावर अटी बदलून घेण्याचे बळ तुमच्या हातात उरत नाही. मालमत्तेची व भाडेकराराची कामे नियमित करणारा, त्याच शहरातला दिवाणी वकील निवडावा आणि शुल्क आधी ठरवून घ्यावे. वकील तुमचाच असावा, मालकाचा किंवा एजंटाचा नव्हे. एजंट "करार ठरलेल्या नमुन्याचाच आहे" असे म्हणतो, परंतु तो नमुना बहुधा मालकाच्या सोयीने लिहिलेला असतो.

भेटीला जाताना कराराचा मसुदा, मालकाच्या खरेदीखताची सूची क्रमांक दोन (नोंदणी कार्यालयातून मिळणारा 'इंडेक्स टू' उतारा), मालमत्ता कराची पावती, भोगवटा प्रमाणपत्र आणि सोसायटी असल्यास तिचे ना-हरकत पत्र न्यावे. गाळ्यावर बँकेचा बोजा आहे का आणि त्या जागेच्या मंजूर वापरात तुमचा व्यवसाय बसतो का, हे वकिलाकडून लेखी घ्यावे.

खरी अडचण यापुढे आहे आणि ती मला स्वतःला समजायला बराच काळ लागला. महाराष्ट्रात दुकानासाठी बहुतेक वेळा भाडेपट्टा होत नाही, लिव्ह अँड लायसन्स होते. भाडेपट्ट्याने जागेत हक्क निर्माण होतो. लायसन्स ही, भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ नुसार, केवळ जागा वापरण्याची परवानगी असते. त्याच कायद्याच्या कलम ५९ प्रमाणे मालकाने जागा विकली, तर नवा मालक त्या परवानगीने आपोआप बांधला जात नाही. म्हणजे फर्निचर, वीजजोडणी आणि पाटी यांवर लाखो रुपये घातल्यानंतर गाळा विकला गेला, तर तुमच्यापाशी जुन्या मालकाकडून भरपाई मागण्याचा हक्क तेवढा राहतो, आणि तो कोर्टात जाऊन वसूल करावा लागतो. शीर्षकात 'लायसन्स' लिहिले म्हणून प्रश्न संपतो असेही नाही, कारण दस्ताचे नाव काहीही असले तरी पक्षकारांचा खरा हेतू पाहिला जातो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९५९ मध्येच असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात स्पष्ट केले आहे. परंतु 'हा खरे तर भाडेपट्टाच आहे' या वादाच्या भरवशावर दुकान थाटू नये.

म्हणून वकिलाला "करार बघून घ्या" एवढेच सांगू नये. त्याच्यासमोर थेट प्रश्न ठेवावेत. लॉक-इन, म्हणजे ठरलेल्या काळात करार सोडता न येण्याची अट, दोघांनाही बांधते, की फक्त मला? अनेक मसुद्यांत भाडेकरूने मुदतीपूर्वी गाळा सोडला तर उरलेले भाडे द्यायचे असते, मालकाला मात्र एका महिन्याच्या नोटिशीवर करार संपवता येतो. असे कलम मी कधीही मान्य करणार नाही आणि तुम्हीही करू नये. मालकाने गाळा विकल्यास खरेदीदार हाच करार पाळील, अशी अट खरेदीखतात घालण्याचे बंधन मालकावर टाकता येईल का? ते न पाळल्यास सजावटीच्या खर्चाची भरपाई कोणत्या हिशोबाने होईल? अनामत किती दिवसांत परत मिळेल, आणि ती परत मिळेपर्यंत ताबा माझ्याकडे राहील का? या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर कराराच्या कलमात उतरले पाहिजे, कारण तोंडी आश्वासन पुढे सिद्ध करणे फार अवघड जाते.

"अकरा महिन्यांचा करार करा, नोंदणी लागत नाही" हा सल्ला महाराष्ट्रात चुकीचा आहे, तरीही तो सर्रास दिला जातो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार, मग तो लिव्ह अँड लायसन्सचा का असेना, लेखी व नोंदणीकृतच असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची असते. मालक ती टाळत असेल, तर त्याचे कारण वकिलामार्फत विचारावे.

नोंदणीच्या दिवशी अंतिम मसुदा वकिलाने तपासलेल्या प्रतीशी पानोपान ताडून पाहावा आणि मगच सही करावी. अनामतीची उरलेली रक्कम नोंदणी झाल्यावर, बँकेमार्फतच द्यावी.