नोकरी, अभ्यास आणि घर एकदम अंगावर येतं तेव्हा

‘अडचणीच माणसाला घडवतात’ हे वाक्य नोकरीला नवीन लागलेल्या प्रत्येकाला कुणी ना कुणी ऐकवतंच. मला ते अर्धंच खरं वाटतं. नोकरी, सोबत अर्धवेळ पदव्युत्तर अभ्यासक्रम आणि घरी वडिलांचं लांबलेलं आजारपण, हे सगळं मी काही वर्षं बरोबरीनं सांभाळलं. त्या काळात माझ्यासारख्याच परिस्थितीतली काही माणसं खंबीर होताना पाहिली. आणि तितकीच हुशार, तितकीच कष्टाळू काही माणसं हळूहळू मिटत गेलेलीही पाहिली. अडचणी दोघांच्याही वाट्याला आल्या होत्या. ज्यांना दिवसभरात निदान एखादी गोष्ट स्वतःच्या हातानं हलवता येत होती, ती माणसं वाढली.

मानसशास्त्रातही याला आधार सापडतो. १९६७ मध्ये मार्टिन सेलिगमन आणि स्टीव्हन मायर यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. विजेचे झटके थांबवण्याचा काहीच मार्ग ज्यांना दिला नव्हता, त्या कुत्र्यांपैकी बरेच पुढे सुटकेची वाट समोर असूनही जागचे हलले नाहीत. (प्रयोग क्रूरच होता, त्याबद्दल वाचतानाही त्रास होतो.) आपण काहीही केलं तरी फरक पडत नाही, हे ते प्राणी शिकले, असा अर्थ तेव्हा लावला गेला. जवळपास ५० वर्षांनी, २०१६ मध्ये, त्याच दोघांनी मेंदूवरच्या नव्या संशोधनाच्या आधारे स्वतःचाच निष्कर्ष उलटा केला. लांबलेल्या त्रासात गप्प पडून राहणं ही मेंदूची मूळचीच प्रतिक्रिया असते. ‘माझ्या हातात काहीतरी आहे’ हे शिकावं लागतं, आणि ते शिकलं की मेंदूचा पुढचा भाग त्या गळाठ्याला आवर घालतो.

म्हणून तुम्ही नव्यानं या ओढाताणीत पडला असाल आणि सुन्न व्हायला होत असेल, तर स्वतःला आळशी किंवा कमकुवत म्हणू नका. एखादं काम इतकं लहान करा की ते आज पूर्ण होईल आणि त्याचा परिणाम आजच दिसेल. मग उद्या दुसरं.

ऑफिसात याचा अर्थ काय, हे मला कळायला बराच वेळ लागला, कारण नव्या माणसाच्या हातात तिथे खरोखरच फारसं काही नसतं. काम कुठलं येणार, कधी येणार, साहेब कुठल्या मूडमध्ये असणार, सगळं दुसऱ्यांच्या हातात. पण प्रश्न विचारणं आपल्या हातात असतं. ‘हे मला जमत नाहीये’ एवढंच म्हटलं तर समोरचा बहुतेक वेळा काम काढून घेतो किंवा धीर देतो, आणि दोन्हींतून आपण काही शिकत नाही. त्याऐवजी तीन गोष्टी एका दमात सांगा: मी काय काय करून पाहिलं, नेमकं कुठे अडलं, आणि मला तुमच्याकडून काय हवं. असा प्रश्न तयार करताना निम्म्या वेळा उत्तर आपल्यालाच सापडतं. उरलेल्या वेळा समोरच्याला दोन मिनिटांत मदत करता येते, आणि पुढच्या वेळी तो आपल्याला टाळत नाही.

केलेल्या कामाबद्दल विचारतानाही नेमकं विचारा. ‘रिपोर्ट कसा वाटला?’ याला ‘चांगला आहे’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. ‘यातलं एकच पान पुन्हा लिहायचं असेल तर कुठलं लिहू?’ असं विचारायला लागल्यापासून मला खरी शिकवण मिळू लागली.

एक गोष्ट मात्र तुमच्या हाताबाहेरची असते: टीमचं वातावरण. एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात रुग्णालयांतल्या टीमचा अभ्यास केला, तेव्हा चांगल्या नेतृत्वाखालच्या टीममध्ये औषधांच्या चुकांची नोंद जास्त दिसली. त्यांच्या लक्षात आलं की तिथे चुका जास्त होत होत्या असं मानण्याचं कारण नाही, तिथली माणसं त्या न घाबरता सांगत होती. नोकरीच्या सुरुवातीला हे जरूर न्याहाळा. मीटिंगमध्ये कुणी ‘माझ्याकडून राहिलं’ म्हणतं तेव्हा पुढे काय होतं? दुरुस्तीबद्दल बोलणं होतं की त्या माणसाबद्दल? जिथे रोज अपमानच होतो, तिथे अडचणीतून घडायचा हट्ट धरू नका. दुसरी नोकरी शोधा, आणि ती मिळेपर्यंत आपली ताकद अभ्यासासाठी राखून ठेवा.

अभ्यासाबद्दल थोडक्यात सांगते, कारण इथे मार्ग बराच स्पष्ट आहे. दिवसभराच्या कामानंतर पुस्तक उघडलं की तेच तेच पान पुन्हा वाचावंसं वाटतं, कारण वाचताना सगळं कळल्यासारखं होतं. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक यांनी विद्यार्थ्यांच्या एका गटाला उतारा पुन्हा पुन्हा वाचायला लावला आणि दुसऱ्याला तो मिटून आठवून लिहायला लावला. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात बरंच जास्त राहिलं होतं. वेळ कमी असलेल्या माणसासाठी ही फार मोलाची गोष्ट आहे. दहा मिनिटं वाचा, पुस्तक मिटा, आठवेल ते कागदावर लिहा. अडखळायला होईल, कंटाळा येईल. त्या अडखळण्यातच अभ्यास होत असतो.

दुसरं, सबमिशनच्या तारखांबद्दल स्वतःच्या अंदाजावर विश्वास ठेवू नका. १९९४ च्या एका अभ्यासात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी सरासरी सुमारे ३४ दिवस लागतील असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात सुमारे ५५ लागले. ‘सगळंच बिघडलं तर किती?’ असं विचारून घेतलेला अंदाजही कमीच पडला. घरी आजारी माणूस असेल तर सगळंच बिघडलेला आठवडा येतोच. मी पुढे पुढे ‘मागची असाइनमेंट खरोखर किती दिवसांत झाली होती’ एवढंच पाहायचे आणि तोच आकडा नव्या कामाला लावायचे.

ऑफिसातून निघताना पाच मिनिटं राखून ठेवा. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की अर्धवट सोडलेलं काम डोक्यात रेंगाळतं आणि पुढच्या कामावर त्याचा परिणाम होतो. कुठे थांबलो आणि परत आल्यावर पहिलं काय करायचं, हे लिहून ठेवलं की मन मोकळं व्हायला मदत होते, हे त्यांच्याच पुढच्या संशोधनातून दिसलं. माझ्यासाठी ही ओळ लिहिणं म्हणजे ऑफिस खरंच बंद होणं होतं. त्यानंतर वडिलांजवळ बसले की मी खरंच त्यांच्याजवळ असायचे.

आणि घर. इथेच सगळ्यात जास्त थकायला होतं, आणि याबद्दल सगळ्यात कमी बोललं जातं. वडिलांच्या आजारपणात दादा मनापासून म्हणायचा, “तू फक्त सांग, मी करतो.” तो करायचाही. तरी माझं ओझं हलकं होत नव्हतं, आणि का ते मला उमगत नव्हतं. उलट त्याच्याबद्दल मनात अढी बसत चालली होती. ॲलिसन डॅमिंजर यांचा २०१९ चा घरकामावरचा अभ्यास पुढे वाचला तेव्हा उलगडा झाला. घरातल्या डोक्यानं करायच्या कामाचे त्या चार भाग पाडतात: गरज आधीच ओळखणं, पर्याय शोधणं, निर्णय घेणं आणि झालं की नाही यावर लक्ष ठेवणं. त्यांनी अभ्यासलेल्या जोडप्यांमध्ये पहिला आणि शेवटचा भाग मुख्यतः बायकांकडे होता. आमच्या घरातही तेच होतं. दादा औषधं आणायचा. पण ती संपत आलीत हे लक्षात ठेवणं माझ्याकडेच होतं.

मग आम्ही बसून वाटणी केली, आणि ती कामांची न करता जबाबदाऱ्यांची केली. “दादा, औषधं पूर्ण तुझ्याकडे. संपणं, आणणं, डॉक्टर औषध बदलतील ते लक्षात ठेवणं, सगळं. मी विचारणार नाही.” ‘मी विचारणार नाही’ हे पाळणं मला जड गेलं, पण ते पाळल्याशिवाय ही वाटणी टिकत नाही. समोरचा माणूस त्याच्या पद्धतीनं, कदाचित उशिरानं करेल. आजाऱ्याला धोका नसेल तर तेवढं सोसा. दादाला वडिलांच्या तब्येतीतले बारकावे माझ्यापेक्षा जास्त कळू लागले, आणि आम्हा बहीणभावांत पुन्हा मोकळेपणानं बोलणं सुरू झालं.

हे सगळं करूनही कधी कधी पुरत नाही. झोप अनेक आठवडे लागत नसेल, आवडीच्या गोष्टींत जीव रमत नसेल, जगणंच नको वाटत असेल, तर तिथे उपचार लागतात. जगणं नको वाटत असेल तर त्याच दिवशी घरातल्या कुणाला तरी सांगा आणि डॉक्टर किंवा समुपदेशक गाठा, एकट्यानं थांबू नका. एरवी जाताना कागदावर लिहून न्या: झोप किती वाजता लागते, कधी मोडते, भूक कशी आहे, हे कधीपासून आहे. थकलेल्या माणसाला तिथे बसल्यावर नेमकं आठवत नाही आणि ‘तसं बरं आहे’ असं तोंडातून जातं. शक्य असेल तर घरचं कुणीतरी सोबत घ्या, आणि तो कागद त्यांच्याकडे द्या.