तंबाखूतले जिवाणू आणि घरी तोंड तपासण्याची रीत

तंबाखूची पानं वाळवताना, मुरवताना त्यांत बॅसिलससारखे जिवाणू राहतात. त्यांचे बीजाणू कोरडेपणा आणि बरीच उष्णता सोसतात. काही जिवाणू पानातल्या नायट्रेटचं नायट्राइट करतात; हे नायट्राइट निकोटीन आणि त्याच्या जातीच्या रसायनांशी मिळालं की कर्करोगकारक नायट्रोसामाइनं तयार होतात. पुण्याच्या पावसाळ्यात दमट खिशात राहिलेल्या पुडीतही हे चालू राहू शकतं. मशेरी भाजली किंवा पुडी फ्रिजमध्ये ठेवली, तरी आधी तयार झालेलं विष जात नाही. वर चुना गालाची त्वचा सोलतो आणि निकोटीन झटपट रक्तात जातं.

महिन्यातून एकदा चूळ भरून, भरपूर उजेडात आरशासमोर उभे राहा. तंबाखूचा बार धरता ती जागा आधी पाहा: ओठ खाली ओढा, गाल बोटानं बाहेर ताणा, हिरडीवरून बोट फिरवा. मग जिभेच्या दोन्ही कडा आणि जिभेखालची जागा. पुसून न जाणारा पांढरा चट्टा, लाल डाग, दोन आठवड्यांत न भरणारी जखम, किंवा तोंडात तीन बोटं उभी न मावणं, यातलं एकही दिसलं तर पुण्याच्या ससून रुग्णालयाच्या दंत विभागात किंवा जवळच्या दंतवैद्याकडे दाखवा. दुखण्याची वाट पाहू नका. सुरुवातीला बहुधा दुखतच नाही.

सोडायचं ठरलं की १८००-११-२३५६ वर मोफत सल्ला मिळतो. पहिले तीन दिवस तलफ सर्वांत जड जाते. निकोटीन गम घेतलात तर तो सतत चघळू नका: झिणझिण्या आल्या की गालात ठेवा, ओसरल्या की पुन्हा चावा. चहा-कॉफीनंतर १५ मिनिटं थांबा, नाहीतर निकोटीन नीट शोषलं जात नाही.