माळ्यावरची रंगपेटी खाली काढताना

चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा दिलेल्या माणसाच्या घरात एक पेटी असतेच. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द ऐकले की ज्यांच्या पोटात अजून गोळा येतो, ती ही मंडळी. मीही त्यातलीच. इंटरमिजिएटला 'बी' ग्रेड मिळाली, घरात पेढे वाटले गेले आणि दहावीच्या वर्षी रंगपेटी माळ्यावर गेली. तिच्यापुढे आधी गणपतीचं मखर आलं, मग आकाशकंदील, मग मुलाचा पाळणा.

नोकरी लागल्यावर मी ती दोनदा खाली काढली आणि दोन्ही वेळा ती महिन्याभरात परत वर गेली. तिसऱ्यांदा मात्र खालीच राहिली. त्या दोन फसलेल्या वेळा आणि तिसरी, यांत काय फरक होता, ते इथे सांगते.

दुसऱ्या वेळी वैतागून मी एकदा घड्याळ लावलं होतं. जेवणाचं टेबल रिकामं करणं, वर्तमानपत्र अंथरणं, पाणी, रंग, फडकं शोधणं यात बावीस मिनिटं गेली. प्रत्यक्ष चित्र काढलं अकरा मिनिटं. मग 'ताटं घेऊ का?' अशी हाक आली आणि आवरण्यात पंधरा मिनिटं गेली. वेळ नाही, असं आपण म्हणतो, पण माझा वेळ सगळा पसाऱ्यात जात होता.

आधी पेटी उघडा, चित्र नको

पहिल्या दिवशी फक्त निवडानिवड करा. जलरंगाच्या ट्यूबा दगड झाल्या असतील तरी फेकू नका. ब्लेडने ट्यूबचं पोट उभं चिरा आणि आतली वडी काढून घ्या. जलरंगात डिंक असतो, त्यामुळे ओला ब्रश फिरवला की रंग पुन्हा सुटतो. पोस्टर कलरची बाटली सुकून भेगाळली असेल किंवा उघडल्यावर कुबट वास आला, तर ती सरळ टाकून द्या. सुकलेला अ‍ॅक्रिलिक रंग पाण्याने परत जागा होत नाही, त्यामुळे तोही कचऱ्यात.

ब्रशचे केस कसरीने खाल्ले असतील तर इलाज नाही. नुसते ताठर झाले असतील तर कोमट पाण्यात भिजवा, अंगाच्या साबणाने हळू चोळा आणि ओले असतानाच बोटांनी टोक काढून आडवे वाळवा. जुना कागद पिवळा पडलेला असतो. त्यावर एक थेंब रंग टाकून बघा. टीपकागदासारखा शोषला गेला, तर तो कागद पेन्सिलच्या सरावाला ठेवा.

यानंतर लगेच दुकानात जाऊन दोन हजारांची खरेदी करायची इच्छा होते. माझी पहिली खेप तिथेच फसली. महागडा कागद समोर आला की हात घाबरतो.

मधेच उठता येतं का?

'मला काय आवडतं' याआधी हा प्रश्न विचारा. दाराची बेल, कुकर, ऑफिसचा फोन, मुलाचा गृहपाठ. दर दहा मिनिटांनी उठावं लागणाऱ्या माणसाला सगळ्या कला सारख्याच झेपत नाहीत.

क्रोशे, भरतकाम, गोधडी ही कामं टाक्यावर थांबतात. सुई खोचून उठलात, तर तीन दिवसांनी तिथूनच पुढे चालू. मुंबईच्या लोकलमध्ये बायका भाजी निवडतात तशा क्रोशेही करतात, ते उगाच नाही. एक सुई, एक गुंडा, पिशवीत टाकला की झालं.

जलरंग याच्या अगदी उलटे. ओला थर अर्धवट टाकून उठलात की परत येईपर्यंत त्याची कड वाळलेली असते आणि तो डाग कायमचा. जलरंगाला वीस मिनिटं लागली, तरी ती सलग लागतात.

वारली या दोघांच्या मध्ये बसते. एक माणूस म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर गोल डोकं आणि चार काड्या. मिनिटभरात एक आकृती पूर्ण होते आणि तिथे थांबता येतं. साहित्यही घरचंच: कुरिअरच्या खोक्याचा पुठ्ठा, त्यावर गेरू आणि पांढरा पोस्टर कलर. मूळ चित्रं गेरूने सारवलेल्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठात डिंक घालून, टोक चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने काढतात. एक लक्षात ठेवा, लग्नचौक आणि त्यातली पालघाट देवी हा लग्नाच्या विधीचा भाग आहे. तो काढायचा मान सवाशिणींचा. नक्षी म्हणून तो चहाच्या ट्रेवर उतरवू नये, असं माझं मत. डहाणूकडचे जिव्या सोमा मशे (पद्मश्री, २०११) यांनी ही कला विधीबाहेर आणून रोजच्या जगण्याची चित्रं काढली. तुम्हीही तुमचं रोजचं काढा. माझ्या पहिल्या वारलीत तारपा (वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य) नव्हता, पाण्याचा टँकर होता आणि त्याच्याभोवती सोसायटी.

एकच गोष्ट निवडा. रंग, लोकर आणि मातीकाम एकदम सुरू केलं की तिन्ही माळ्यावर जातात.

ताट मांडा

माझ्या घरी जे बदललं ते एवढंच. एक मोठं स्टीलचं परातीसारखं ताट घेतलं आणि चित्राचं सगळं सामान त्यातच ठेवलं: रंग, दोन ब्रश, पेन्सिल, फडकं, झाकणाची पाण्याची बाटली, वही. ताट फ्रिजवर राहतं. काढायला अर्धं मिनिट, ठेवायला अर्धं मिनिट. दोरे, मणी, टिकल्या यांसाठी जुना मिसळणाचा डबा उत्तम. वाट्या वेगळ्या राहतात, झाकण बसतं, आणि तो हिंगाचा वास जातो म्हणतात, माझा अजून गेलेला नाही.

रंगासाठी झाकणाचं पांढरं प्लास्टिकचं पॅलेट घ्या. प्रत्येक खणात ट्यूबमधून वाटाण्याएवढा रंग काढा आणि रात्रभर उघडं ठेवून वाळू द्या. यापुढे ट्यूब उघडायची नाही, ओला ब्रश लावायचा आणि सुरू. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, ओलं पॅलेट बंद केलं की चार दिवसांत बुरशी धरते. म्हणून आधी पंख्याखाली वाळवा आणि आत एक लवंग टाकून ठेवा.

सहा रंग पुरतात: लेमन यलो, यलो ऑकर, क्रिमझन, बर्न्ट सिएना, अल्ट्रामरीन, प्रशियन ब्लू. काळा घेऊ नका. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून बघा, पावसाळी ढगापासून तव्याच्या बुडापर्यंतचे सगळे करडे त्यातच सापडतील.

औंध संस्थानचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी कारभार सांभाळून स्वतः चित्रं काढत, आणि १९३८ साली त्यांनी गावात संग्रहालयही उभं केलं. 'एवढ्या व्यापात त्यांना जमलं' असं त्यांचं उदाहरण देतात. जमलं खरं, पण नंतर ब्रश धुवायला आणि टेबल पुसायला त्यांच्याकडे माणसं असणार. आपल्याकडे ताट आहे.

वेळ

रोज तासभर वगैरे ठरवू नका. सध्या रोज होणाऱ्या एखाद्या गोष्टीला काम चिकटवा. कुकर बंद केल्यावर वाफ जिरेपर्यंतची दहा मिनिटं माझी आहेत. कुणाची मुलाच्या क्लासबाहेर थांबण्याची असतील, कुणाची कॅबमधली. ही मिनिटं रेघांची, टाक्यांची, वारलीची. जलरंगासाठी आठवड्यातून एकदा सलग पाऊण तास हवा. तो घरात आधी सांगून ठेवायचा, डॉक्टरची वेळ सांगतो तसा.

जलरंगाचा पहिला महिना

पहिल्या आठवड्यात रंग नकोच. पाठकोऱ्या कागदावर ठिपक्यांची रांगोळी काढा, हात न टेकता. नंतर तांब्या घ्या. वस्तुचित्राच्या पेपराला तो असायचाच, शेजारी वांगं आणि मागे चुण्या पडलेलं फडकं. तांब्याचं तोंड म्हणजे लंबवर्तुळ, आणि सगळे चुकतात ते तिथेच. दोन्ही टोकं बदामासारखी टोकदार काढतात. टोकाला वळण असतं, टोक नसतं. शिवाय तांब्याचं तोंड डोळ्यांच्या जवळच्या उंचीवर असतं, म्हणून ते चपटं दिसतं. बूड त्याच्या खाली असतं, म्हणून तिथला कंस जास्त गोल. दहा तांबे काढा. आठवा बरा येतो.

दुसऱ्या आठवड्यात सपाट वॉश, म्हणजे पातळ रंगाचा एकसारखा थर. जाडसर जलरंगाचा कागद घ्या, ३०० जीएसएम (एका चौरस मीटर कागदाचं वजन ३०० ग्रॅम) मिळाला तर उत्तम. चारही बाजूंनी कागदी चिकटपट्टीने पाटीला चिकटवा. पाटीच्या वरच्या कडेखाली एक जाड पुस्तक सरकवा, एवढा उतार पुरे. रंग वाटीत आधीच भरपूर कालवून ठेवा, कारण मध्येच संपला तर तीच छटा पुन्हा जमत नाही. मोठा ब्रश भरून डावीकडून उजवीकडे एक पट्टा ओढा. त्याच्या खालच्या कडेला रंगाचा ओघळ जमतो. पुढचा पट्टा त्या ओघळाला जेमतेम स्पर्श करत ओढा, म्हणजे ओघळ खाली सरकतो. शेवटी उरलेला ओघळ पिळलेल्या ब्रशने टिपून घ्या आणि हात बाजूला करा. मधे एक पांढरी फट राहिलेली दिसेल. तिला हात लावू नका. निम्मी जलरंगचित्रं या एका 'जरा नीट करू' पायी बिघडतात.

हवामानाचंही गणित आहे. मे महिन्यात नागपुरात किंवा पुण्यात पंख्याखाली दुसरा पट्टा ओढेपर्यंत पहिला वाळतो. तेव्हा पंखा बंद करा आणि कागद आधी ओल्या स्पंजने पुसून घ्या. जुलैत रत्नागिरीत तोच थर तासभर ओला राहतो. तेव्हा घाई केलीत तर दुसरा रंग फुलकोबीसारखा पसरतो.

तिसऱ्या आठवड्यात एकाच रंगात तांब्या: उजेड, मधली छटा, सावली. जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागद सोडायचा असतो. सावळाराम हळदणकरांचं, दिवा हातात घेतलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. तो चेहऱ्यावरचा आणि बोटांतून पाझरणारा उजेड पाहणाऱ्या अनेकांना तैलरंगातला वाटतो. आहे जलरंगातला. म्हैसूरला गेलात तर थोडा वेळ काढून त्या खोलीत उभे राहा.

चौथ्या आठवड्यात मनाला येईल ते.

या महिन्यातली पानं वाईट येणार. तुमचा हात दहावीत थांबला, डोळा मात्र वीस वर्षं चित्रं, सिनेमे, साड्या बघत पुढे गेला. डोळ्याला जे दिसतं ते हाताला येत नाही, आणि त्याचीच चीड येते. म्हणून पहिले तीन महिने काहीही कुटुंबाच्या ग्रुपवर टाकू नका. आत्याने अंगठा दाखवला तरी त्रास, नाही दाखवला तरी त्रास.

सुई-दोरा निवडलात तर

अख्ख्या पलंगाची गोधडी घेऊ नका, तीन फुटी दुपटं घ्या. जुन्या सुती साडीचे दोन-तीन थर, वरून ठिगळं. नवं कापड जोडणार असाल तर आधी धुवा, नाहीतर पहिल्या धुण्यात ते आटतं आणि बाकीची गोधडी फुगते. थर जमिनीवर ताणून पसरा आणि मोठ्या कच्च्या टाक्यांनी धरून घ्या. हे एकच काम सलग करावं लागतं, ते रविवारी करा. मग कडेने फेर घेत आत या, साधा धावदोरा, तांदळाच्या दाण्याएवढा टाका. टाके सगळे सारखे येणार नाहीत, आणि आलेच तर लोक मशीनचे समजतील. दोरा हातभरच घ्या, लांब दोऱ्याची गाठ होते. चाळिशी लागली असेल तर संध्याकाळीच पाच-सहा सुया ओवून ठेवा.

आणि उजेड. पिवळ्या बल्बखाली निवडलेला पिवळा दोरा सकाळी भलताच निघतो. शक्यतो पांढऱ्या उजेडाचा दिवा लावा. उजव्या हाताने काम करत असाल तर तो डावीकडून यावा, नाहीतर हाताची सावली नेमकी टाक्यावर पडते.

नाही म्हणायला शिका

दोन-चार कामं बरी झाली की मागण्या येतात. दाराची पाटी, वाढदिवसाचं कार्ड, भाचीच्या लग्नाचं रुखवत. रुखवताला होकार द्यायचा मोह होतो, पण तारखेची टांगती तलवार आली की ताट पुन्हा ओझं वाटू लागतं. मी पहिलं वर्षभर सगळ्यांना 'अजून शिकतेय' असं सांगितलं. ते खरंही होतं.

चित्र पूर्ण वाळलं की मागे पेन्सिलने तारीख टाका. बॉलपेनने नको, त्याचा ठसा पुढच्या बाजूला उमटतो.