मोडी कागदाचा काळ आधी लावा, अर्थ मग

इंदूरच्या जुन्या मराठी घरांत होळकरकाळातले मोडी कागद निघतात. मोडीची अक्षरे घोटून झाली आहेत असे धरतो.

फोटो दिवसाच्या उजेडात, फ्लॅशशिवाय काढा. लिप्यंतर ओळीला ओळ करा. शुद्धलेखन सुधारू नका. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नसतो, शब्दांत जागाही सोडलेली नसते.

आता तारीख. बहुतेकांचे भाषांतर इथेच फसते. सुहूर सन, म्हणजे मराठेशाहीच्या कागदांत वापरलेली वर्षगणना, अरबी शब्दांत लिहितात, आणि एकं आधी येतो: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे १ + ६० + १०० + १०००, म्हणजे ११६१. घोळ जोड्यांचा होतो. सीत ६, सितैन ६०. सबा ७, सबैन ७०. समान ८, समानीन ८०. शेपूट पुसट असेल तर जागा पाहा: पुढे दहंचा शब्द असेल तर आधीचा एकंच. ‘मया’ शंभर, ‘मयातैन’ दोनशे. अहिल्याबाईंच्या (१७६७–१७९५) कागदावर मयातैन वाचलेत, तर वाचन चुकले असे समजा.

इसवी सन काढायला “सुहूरमध्ये ६०० मिळवा” हा सल्ला सर्रास देतात. तो अर्धवट आहे. हे वर्ष मृग नक्षत्रापासून सुरू होते, म्हणून मृग ते डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे आणि जानेवारी ते पुढचा मृग ६००. शकाचेही तसेच. पानिपत पौष शुद्ध ८, शके १६८२ ला झाले. नेहमीचे ७८ मिळवाल तर १७६० येईल. तारीख १४ जानेवारी १७६१ आहे, म्हणून ७९.

माळव्यात आणखी एक सापळा आहे. दक्षिणी, म्हणजे मराठी कारकुनाचा महिना अमावास्येला संपतो, स्थानिक हिंदी-माळवी कागदांतला पौर्णिमेला. शुद्ध पक्ष दोन्हीकडे एकच. वद्यात मात्र महिन्याचे नाव बदलते. दिवाळीची अमावास्या आपल्याकडे आश्विनातली, तिकडे कार्तिकातली. कागद कोणाच्या हातचा आहे हे ठरवल्याशिवाय वद्यातली तिथी इंग्रजीत बदलूच नका.

काळ लागला की अर्थाकडे वळा. ‘मजकूर’ दिसला की आजचा अर्थ बाजूला ठेवा: ‘मौजे मजकूर’ म्हणजे वर सांगितलेला गाव, ‘साल मजकूर’ म्हणजे चालू साल, ‘साल गुदस्त’ म्हणजे गेले साल. आकड्यामागची ॥ ही खूण अर्धा दाखवते, ॥। पाऊण; अक्षरामागे तीच ॥ शब्द तोडल्याची असते, जसे ‘मौ॥’ म्हणजे मौजे. हिशेबाच्या कागदात ही गल्लत झाली तर बेरीज जुळणार नाही, म्हणून बेरीज आधी करून पाहा.