पाण्याखालच्या फिटिंगसाठी सीलंट कसं निवडावं

पश्चिम किनाऱ्यावर साधारणपणे १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. नौका वर ओढून शाकारलेल्या असतात. तळाची फिटिंग उघडून नव्यानं बसवायची तर हेच दिवस. इंजिन गार ठेवण्यासाठी समुद्राचं पाणी आत घेणारा थ्रू-हल (तळातून आरपार जाणारी नळी), त्यावरचा सीकॉक (पाणी बंद करायचा व्हॉल्व्ह), मासे शोधणाऱ्या फिश फाइंडरचा ट्रान्सड्यूसर (ध्वनिलहरी सोडणारा भाग) ही सगळी फिटिंग कायम पाण्याखाली असतात आणि तिथं पाणी दाबानं आत येतं. पाण्याच्या पातळीखाली अर्धा मीटर खोल, फक्त २५ मिलिमीटरचं भोक उघडं पडलं तरी मिनिटाला सुमारे ५० लिटर पाणी आत येतं. तळात साचलेलं पाणी बाहेर फेकणारा बिल्ज पंप बंद असेल तर रात्रीत नौका बुडते.

दुकानात बहुतेक जण “सगळ्यात पक्कं चिकटणारं द्या” असं मागतात. मला ही मागणीच चुकीची वाटते. फिटिंग जागेवर धरून ठेवतो तो नट. सीलंटचं काम फटीत पाणी शिरू न देण्याचं आणि इंजिनाच्या हादऱ्यांबरोबर थोडं ताणलं जाण्याचं. त्यामुळे ताकदीआधी दोन गोष्टी विचारा: तळ आणि फिटिंग कशाचे आहेत, आणि हे फिटिंग पुढे कधी काढावं लागणार आहे का?

फायबरची नौका, ब्राँझचं फिटिंग. इथं पॉलियुरेथेन जातीचं सीलंट घ्यावं. त्यातही फरक आहे. थ्रीएम कंपनीचं ५२०० जवळजवळ कायमचं चिकटतं. काढायला गेलात तर सोबत जेलकोटही (फायबरचा वरचा गुळगुळीत थर) उपटून येतो. जे सांधे पुन्हा उघडायचेच नाहीत तिथं ते वापरा. पण सीकॉक झिजतो, ट्रान्सड्यूसर निकामी होतो. ही फिटिंग एक दिवस बाहेर येणारच, म्हणून त्यांना त्याच कंपनीचं ४२०० किंवा सिकाफ्लेक्स २९१आय पुरेसं आहे.

लाकडी नौका. सागवान आणि ब्राँझ यांच्यात पॉलिसल्फाइड जातीचं सीलंट उत्तम. लाकूड फुगतं-आकसतं, त्याबरोबर ते हलतं, आणि पुढे काढताही येतं. सागाला अंगचं तेल असतं, म्हणून लावण्याआधी लाकूड अॅसिटोननं पुसून घ्या आणि कंपनीनं प्रायमर सांगितला असेल तर तो टाळू नका.

प्लास्टिकचं फिटिंग. इथं पॉलिसल्फाइड अजिबात नको. एबीएस, पीव्हीसी, अॅक्रिलिक, पॉलिकार्बोनेट ही प्लास्टिकं त्यानं कडक होऊन तडकतात. पॉलियुरेथेनही प्रत्येक प्लास्टिकला चालत नाही. फिटिंगसोबत आलेला कागद वाचा आणि त्यात लिहिलंय तेच घ्या. ट्रान्सड्यूसरचं प्लास्टिक अॅसिटोननंही कमकुवत होऊ शकतं, त्यामुळे ते साबणाच्या पाण्यानं धुवा.

सिलिकॉन पाण्याखाली नको. त्याची पकड कमी असते आणि ते एकदा लागलं की त्या जागी पुढे दुसरं सीलंट किंवा रंग धरत नाही. एम-सीलसारखी इपॉक्सी पुटीही नको. ती दगडासारखी कडक होते आणि हादऱ्यानं तिच्या कडेला केसाएवढी भेग पडते. तेवढी भेग पाण्याला पुरते.

सीलंटची कार्ट्रिज (नळी) घेताना त्यावर पाण्याखाली चालेल असं स्पष्ट छापलंय का आणि मुदत संपली नाही ना, हे बघा. दाबल्यावर आत गाठ लागली तर परत द्या. याच खरेदीत आणखी एक: नळाच्या सामानाच्या दुकानातला पितळी व्हॉल्व्ह स्वस्त पडतो, पण खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त निघून जातं आणि उरलेला धातू हातानं तुटतो. असल्या व्हॉल्व्हला कोणतंच सीलंट वाचवणार नाही.

आता बसवणी. जुनं सीलंट खरवडून पूर्ण काढा, जागा ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं घासा आणि फायबर अॅसिटोननं पुसा. अॅसिटोनचा ओला फडका फिरवल्यावर लगेच कोरडा फिरवा, नाहीतर विरघळलेला मळ तिथंच पसरतो. भोकाच्या कडेत प्लायवुड किंवा फोम दिसत असेल तर थांबा. ती कड सुकवून इपॉक्सीनं बंद केल्याशिवाय पुढे जाऊ नका. तिथून शिरलेलं पाणी तळ आतून कुजवत राहतं.

पावसाळ्याचा एक फायदा आहे: पॉलियुरेथेन हवेतल्या ओलाव्यावरच सुकतं. पण पृष्ठभागावर पाण्याचा पातळ थर असेल तर ते धरत नाही. सकाळी ताडपत्रीखालचा फायबर कोरडा दिसतो, त्यावर टिश्यू दाबला की डाग उमटतो. डाग उमटेनासा झाला की मगच सुरुवात करा.

सीलंट न लावता फिटिंग एकदा घालून बघा. कडेनं मास्किंग टेप लावा, हातमोजे घाला. फिटिंगच्या चकतीवर आतल्या बाजूनं सीलंटची सलग जाड रेघ ओढा, दुसरी रेघ भोकाच्या कडेला. एकानं बाहेरून फिटिंग घट्ट धरायचं, दुसऱ्यानं आतून फक्त नट फिरवायचा. चकतीखालून सीलंट चारी बाजूंनी न तुटता बाहेर यायला हवं. बॅटरी घेऊन पूर्ण गोल बघा. बोटभर जागेतही रेघ तुटली असेल तर खोला आणि पुन्हा लावा. ब्राँझचा नट एकदाच नीट आवळा. अर्धवट सुकल्यावर पुन्हा पिळला तर पकड सुटते. प्लास्टिकचा नट हातानं बसेल तेवढाच, पाना लावू नका.

बाहेर आलेलं सीलंट स्पिरिटनं पुसू नका. अल्कोहोल लागलं की पॉलियुरेथेनचं सुकणंच थांबतं. टर्पेंटाइनचा हलका फडका चालतो. सुकण्याचा वेग दिवसाला साधारण ३ मिलिमीटर, तोही बाहेरून आत. वरून कोरडं झालं म्हणजे आत झालं असं नाही. आठवडाभर नौका हलवू नका. ५२०० ला तर कंपनीच ५ ते ७ दिवस सांगते.

तळाला जस्ताचा अॅनोड (बाकी धातू गंजू नये म्हणून स्वतः झिजणारा तुकडा) बसवत असाल तर त्याच्या आणि धातूच्या मध्ये सीलंट जाऊ देऊ नका. तिथं धातूला धातू लागला तरच तो काम करतो.

नौका पाण्यात सोडली की लगेच प्रत्येक फिटिंगभोवती कोरडा टिश्यू फिरवा. इंजिन चालवून झाल्यावर पुन्हा, आणि रात्री नौका सोडून जाण्याआधी एकदा. प्रत्येक सीकॉकशेजारी गळती झाली तर भोक बुजवायला त्याच मापाचा निमुळता लाकडी खुंटा दोरीनं बांधून ठेवा, अंधारातही हाताला सापडेल असा.